ब्रिटनमध्ये वीज-गॅसची कंपनी बदलली आणि स्मार्ट मीटर मुका झाला, तर काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही लेस्टरला राहता, गेल्या महिन्यात वीज आणि गॅस दोन्ही नव्या कंपनीकडे नेलं. आता स्वयंपाकघरातल्या छोट्या डिस्प्लेवर विजेचा वापर दिसतो, पण पौंडांचा आकडा जुन्याच दराने येतो, आणि गॅसच्या जागी नुसत्या रेघा. नवी कंपनी फोनवर म्हणते, तुमचा मीटर आमच्या सिस्टिमशी जुळत नाही. मग मीटर बदलून घ्यायचा, की जुन्या कंपनीकडे परत जायचं?

दोन्ही नको, निदान आज तरी. आज फोन घेऊन दोन्ही मीटरपाशी जा आणि आकडा व सिरियल नंबर एकाच फोटोत येईल असे फोटो काढा. गॅसच्या मीटरचा पडदा विझलेला असेल, तो बॅटरीवर चालतो. बटण दाबलं की उजळतो. ते रीडिंग आजच कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा ईमेलने पाठवा आणि दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पाठवत राहा. मीटर बोलायचा थांबलाय, मोजायचा थांबलेला नाही. तुमचा एकेक युनिट त्याच्या आत नोंदला जातोय, फक्त तो आकडा कंपनीपर्यंत पोचत नाही. आणि आकडा पोचला नाही की कंपनी अंदाजाने बिल काढते. खरा धोका तिथे आहे.

मी २०१३ पासून रेडिंग या शहरात आहे आणि तीनदा कंपनी बदलली आहे. पहिल्या वेळी हे काहीच माहीत नव्हतं आणि चांगलाच फटका बसला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या डोक्यात महावितरण असतं. तारा त्यांच्या, मीटर त्यांचा, बिलही त्यांचंच. ब्रिटनमध्ये विजेच्या तारा एका कंपनीच्या, गॅसच्या नळ्या दुसरीच्या, मीटर बहुतेकदा भाड्याने देणाऱ्या तिसऱ्याच कंपनीच्या मालकीचा, आणि तुम्ही जी बदलली ती फक्त वीज विकणारी आणि बिल पाठवणारी. त्यामुळे कंपनी बदलली तरी भिंतीवरचा मीटर हलत नाही. बदलते ती त्या मीटरशी बोलायची परवानगी.

इथे मीटरची पिढी कुठली, याने सगळा फरक पडतो. साधारण २०१८-१९ पर्यंत बसवले ते बहुतेक पहिल्या पिढीचे, स्मेट्स-वन. त्यांच्यात मोबाइलसारखं सिमकार्ड असतं, आणि प्रत्येक वीज कंपनीने आपापली वेगळी यंत्रणा उभी केली होती. ज्या कंपनीने मीटर बसवला तिच्याशीच तो बोलायचा. तुम्ही दुसरीकडे गेलात की नव्या कंपनीला त्याची भाषाच कळत नसे. सरकार एकीकडे लोकांना सांगत होतं की स्मार्ट मीटर घ्या आणि दुसरीकडे सांगत होतं की स्वस्त कंपनी शोधा, बदला. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात हे आधी लक्षात यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पहिल्या पिढीतले कितीतरी मीटर आपल्या उदयपूरच्या सिक्युअर मीटर्सनी बनवलेले आहेत. अडचण मोजणीची नव्हतीच, दळणवळणाची व्यवस्था कंपनीगणिक वेगळी ठेवल्याची होती.

दुसऱ्या पिढीत, म्हणजे स्मेट्स-टूमध्ये, सगळ्यांसाठी एकच टपालखाना केला. त्याचं नाव डेटा कम्युनिकेशन्स कंपनी, सगळे डीसीसी म्हणतात. ही यंत्रणा नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झाली. मीटरचा निरोप डीसीसीकडे जातो आणि तिथून ज्या कंपनीचे तुम्ही ग्राहक आहात तिच्याकडे. २०१९ पासून पहिल्या पिढीचे मीटरही दुरूनच, भिंतीवरून न काढता, डीसीसीला जोडायला घेतले. म्हणजे ‘तुमचा मीटर जुना आहे, जुळत नाही’ हे उत्तर आज सहसा पुरेसं नसतं. तरीही २०२३ अखेरच्या सरकारी आकडेवारीत जवळपास ४० लाख मीटर स्मार्ट पद्धतीने चालत नव्हते, त्यामुळे तुमच्याच घरी काही विचित्र घडलंय असं समजू नका.

आता तुमच्या डिस्प्लेकडे येऊ, कारण तो बरंच काही सांगतोय. दुसऱ्या पिढीत विजेच्या मीटरवर एक छोटा डबा बसवलेला असतो, त्याला कम्युनिकेशन्स हब म्हणतात. हा हब दोन तोंडांनी बोलतो. घराच्या आत झिगबी नावाच्या रेडिओ जाळ्यावर डिस्प्लेशी आणि गॅसच्या मीटरशी, आणि घराबाहेर डीसीसीशी. लेस्टरकडे हे बाहेरचं बोलणं मोबाइलच्या जाळ्यावरून होतं. इंग्लंडच्या उत्तरेला आणि स्कॉटलंडमध्ये त्यासाठी वेगळी लांब पल्ल्याची रेडिओ यंत्रणा आहे. डिस्प्लेवर वीज दिसते याचा अर्थ घरातलं बोलणं चालू आहे, इतकाच. ते रीडिंग कंपनीला पोचतंय याचा तो पुरावा नाही. ही गोष्ट मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवी होती. पौंडांचा आकडा जुन्या दराने येतो, कारण नव्या कंपनीने आपला दर अजून मीटरमध्ये लिहिलेला नाही. युनिट बरोबर, पैसे चूक. त्या पैशांकडे तूर्त बघू नका.

दर लिहिता येत नाही याचं कारण बहुधा आणखी खोल असतं. मीटरच्या आत एक डिजिटल कुलूप आहे आणि त्यात ज्या कंपनीची प्रमाणपत्रं, म्हणजे डिजिटल किल्ल्या, आहेत तिचेच हुकूम तो ऐकतो. तुम्ही कंपनी बदलली की डीसीसीकडची एक स्वतंत्र यंत्रणा आधी राष्ट्रीय नोंदीत बघते की या मीटरची नवी कंपनी खरोखर हीच आहे का, आणि मग जुन्या कंपनीची प्रमाणपत्रं काढून नवीची बसवते. हे विजेसाठी एकदा आणि गॅससाठी वेगळं एकदा व्हावं लागतं, कारण दोन्हींची नोंद वेगळी: विजेच्या जोडणीचा १३ आकडी क्रमांक एमपॅन, गॅसच्या जोडणीचा एमपीआरएन. त्या वेळी हबला रेंज नसेल तर काम अर्धवट राहतं आणि कंपनीला पुन्हा प्रयत्न करावा लागतो. गॅसचं जास्त वेळा अडतं. त्याचा मीटर बॅटरी वाचवायला झोपलेला असतो, साधारण अर्ध्या तासाने एकदा जागा होऊन हबशी बोलतो, आणि मध्ये जाड भिंत किंवा लांब अंतर असेल तर तेही जमत नाही. डिस्प्ले दोन्ही मीटरच्या जवळ नेऊन, बंद करून परत चालू करून तासभर ठेवून बघा. गॅसच्या रेघा कधी कधी तेवढ्यानेच जातात.

जुन्या कंपनीकडे परत जाऊ नका म्हटलं ते याच कुलपामुळे. महिना झाला म्हणजे करार रद्द करायची १४ दिवसांची मुदत संपली. आता परत जाणं म्हणजे नव्याने बदल, पुन्हा दोन्ही प्रमाणपत्रं बदलायची, पुन्हा तोच धोका, आणि ठरावीक दराचा करार असेल तर वर तो मोडल्याचा दंड. जुलै २०२२ पासून कंपनी बदलायला पाच कामाचे दिवस पुरतात, पण ती नोंद झाली. मीटरची परवानगी त्याच वेगाने मागोमाग येईलच असं नाही.

माझं काय झालं ते सांगतो. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनी बदलली. मीटर पहिल्या पिढीचा. डिस्प्ले चालू होता, म्हणून मी निर्धास्त. बिलं येत होती, कमीच येत होती, बायको म्हणालीही की थंडीत एवढं कमी कसं. बिलावर बारीक अक्षरात रीडिंगशेजारी इंग्रजी ‘ई’ छापलेलं असायचं, म्हणजे एस्टिमेटेड, अंदाजाने. माझं लक्षच गेलं नाही. जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा माणूस येऊन रीडिंग घेऊन गेला आणि पुढच्या आठवड्यात अकराशे पौंडांहून जास्त रकमेचं बिल. मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती, बायको पगाराविना रजेवर. त्या रात्री आम्ही दोघंही नीट झोपलो नाही. पुढे एका शेजाऱ्याने सांगितलं की मे २०१८ पासून नियम आहे: ग्राहकाची चूक नसताना कंपनीने वेळेत नीट बिल दिलं नसेल, तर १२ महिन्यांपूर्वी वापरलेल्या विजेचे किंवा गॅसचे पैसे मागता येत नाहीत. आमच्या बाबतीत जानेवारी २०१८ पूर्वीचे थंडीचे महिने त्यातून वगळले गेले. पण त्यासाठी कधी किती वापर झाला हे दाखवायला माझ्याकडे एकही फोटो नव्हता, आणि वाद मिटायला तीन महिने गेले. म्हणून मी सगळ्यांच्या मागे फोटोसाठी लागतो.

बदलाच्या दिवसाचं रीडिंग तर सगळ्यात महत्त्वाचं, कारण तेच जुन्या कंपनीचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं. जुन्या कंपनीचं अंतिम बिल सहा आठवड्यांत यायला हवं. ते आलं की दोन्ही बिलांवरचा आकडा एकच आहे ना, आणि सिरियल नंबर तुमच्याच मीटरचा आहे ना, हे जुळवा. फ्लॅट असेल तर विशेष करून, कारण तिथे शेजाऱ्याचा मीटर आपल्या नावावर असण्याचे प्रकार घडतात.

गॅसच्या बिलात आणखी एक जागा बघा. स्मार्ट मीटर गॅस घनमीटरमध्ये मोजतो, जुने मीटर शंभर घनफुटांत मोजायचे. १०० घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर. नव्या कंपनीच्या नोंदीत तुमचा मीटर चुकून जुन्या मापाचा लिहिला गेला, तर बिल थेट २.८३ पट होतं. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने दोन महिने हीटिंग बंद ठेवून काढले, अंगावर शाली घेऊन, कारण त्यांना वाटलं आपलाच वापर वाढलाय. साधारण हिशेब असा, एक घनमीटर म्हणजे ११ युनिटच्या आसपास. तुमच्या बिलात ३० च्या वर निघत असेल तर लगेच कळवा.

कंपनीशी आता फोनवर नाही, लेखी बोला. ‘जुळत नाही’ म्हणजे नेमकं काय ते विचारा. मीटर कुठल्या पिढीचा आहे? डीसीसीला जोडलेला आहे का? वीज आणि गॅस दोन्हींसाठी प्रमाणपत्रं बदलून झाली का, की एकाचीच? हबला रेंज मिळते का? हे चार प्रश्न विचारले की तक्रार ग्राहक सेवेच्या पहिल्या टेबलावरून मीटरच्या माणसांकडे सरकते, हा माझा अनुभव. त्याआधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या साइटवर पोस्टकोड टाकून मीटर स्मार्ट पद्धतीने चालतोय का ते तपासा, फुकट आहे, आणि आलेल्या उत्तराचा स्क्रीनशॉट ईमेलला जोडा. ईमेलमध्ये ‘कम्प्लेंट’ हा शब्द स्पष्ट लिहा. तिथून आठ आठवड्यांत सुटलं नाही तर एनर्जी ओम्बुड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि कंपनीमधले वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जाता येतं, त्यालाही पैसे लागत नाहीत.

मीटर बदलायचा प्रश्न या उत्तरांनंतर. हब बिघडला असेल तर बऱ्याचदा फक्त हब बदलतात. तो बदलणारच असतील तर ४जी हब मागा, कारण इथली टूजी जाळी २०३३ पर्यंत बंद होणार आहेत आणि जुने हब त्यांच्यावरच अवलंबून आहेत.

घाई करायची ती एकाच बाबतीत. तुम्ही रात्री स्वस्त, संध्याकाळी महाग अशा वेळेनुसार दरासाठी कंपनी बदलली असेल, तर अर्ध्या तासाचं रीडिंग पोचल्याशिवाय तो दर लागू होत नाही, आणि फोटोने ते भरून निघत नाही. तसं असेल तर ईमेलमध्ये पहिल्या ओळीतच लिहा. आणि तुमचा मीटर प्रीपेड असेल तर मला सांगा, तिथे प्रश्न बिलाचा नसून थंडीत वीज जाण्याचा असतो. टॉपअप आपोआप पोचला नाही तर पावतीवरचा २० आकडी कोड मीटरवर हाताने घालता येतो, तो कोड जपून ठेवा.

फोटो काढल्यावर मीटरवर कंपनीचं आणि मॉडेलचं नाव काय आहे ते इथे खाली लिहा, रीडिंग दिसायला कुठलं बटण दाबायचं ते बघून सांगतो. एमपॅन किंवा सिरियल नंबर मात्र इथे टाकू नका.