'गेव्युर्त्सट्रामीनर'ला मसालेदार म्हणावं का?

प्रश्न एका भाषांतरकाराचा आहे. गेव्युर्त्सट्रामीनर नावाच्या पांढऱ्या वाइनवरचा लेख मराठीत आणायचा आहे. जर्मन भाषेत 'गेव्युर्त्स' म्हणजे मसाला. तर तिला 'मसालेदार वाइन' म्हणावं का, 'मसालेदार जेवणाबरोबर घ्यावी' असं लिहावं का, आणि नाव देवनागरीत कसं लिहायचं?

मसालेदार लिहू नका. मराठी माणसाला मसालेदार म्हटलं की आधी तिखट आठवतं, वेलची-दालचिनी मागाहून. ही वाइन तिखट नसते आणि तिच्यात मसालाही घातलेला नसतो. नावातला मसाला वासाचा आहे. ग्लास नाकाशी नेला की गुलाब आणि लिची, त्यामागून आलं, लवंग. लिचीचा वास हा नुसता भास नव्हे: रोझ ऑक्साइड हे गुलाबाच्या तेलातलं द्रव्य लिचीतही असतं आणि या द्राक्षातही. 'सुगंधी' हा शब्द जवळचा वाटतो, पण सुगंधी सुपारी, सुगंधी तेल म्हणताना वास वरून लावलेला असतो. आंबेमोहोराला आपण सुवासिक तांदूळ म्हणतो, कारण वास दाण्याचाच. म्हणून इथेही 'सुवासिक' घ्या. ललित लेख असेल तर 'घमघमीत' मला जास्त आवडेल.

नावाचा उरलेला भाग तर मराठीत अगदी चपखल उतरतो. ट्रामीन हे उत्तर इटलीतल्या दक्षिण टिरोलमधलं जर्मनभाषक गाव. इटालियन नाव तेर्मेनो. जर्मनमधला 'अर' हा प्रत्यय म्हणजे आपला 'कर': बर्लिनर तो बर्लिनकर, तसा ट्रामीनर तो ट्रामीनकर. हा ट्रामीनकर द्राक्षवेल जुना. त्याचा गुलाबी सालीचा, जास्त वासाचा अवतार तो गेव्युर्त्सट्रामीनर. साल गुलाबी असूनही वाइन पांढरी, कारण रस सालींबरोबर आंबवत नाहीत. आज तिचं सर्वांत मोठं नाव आहे ते फ्रान्सच्या अल्सास प्रांतात. तिथे रोमन लिपीतल्या नावात जर्मन 'ü'वरचे दोन टिंब गाळून नुसता 'u' लिहितात.

उच्चारात 'त्स'ला अडखळायचं कारण नाही, तो आपल्या 'चमचा'मधला च आहे. हिंदीभाषकाला जो शिकावा लागतो तो आपल्याला आयता मिळाला आहे. 'व्यु'साठी ओठ 'उ'चे करून 'इ' म्हणा. 'मी' दीर्घ, पण मुख्य आघात 'व्यु'वर.

आता जेवण, कारण चुकीच्या शब्दाचा फटका इथे बसतो. या वाइनमध्ये आंबटपणा कमी आणि मद्यार्क बराच, साधारण १३ ते १४ टक्के. मिरचीची जळजळ ज्या मज्जातंतूंना कळते, त्यांना मद्यार्कही चेतवतो. 'मसालेदार जेवणाबरोबर' वाचून कुणी झणझणीत तांबड्या रश्श्याशेजारी कोरडी, म्हणजे साखर न उरलेली बाटली उघडली, तर तोंडात आगडोंब. साखर थोडी उरलेली असेल तर सौम्य तिखट निभावतं. म्हणून 'वासाच्या मसाल्यांच्या, कमी तिखट पदार्थांबरोबर' असं फोडून लिहा. वाक्य लांबेल, पण खरं राहील.

अल्सासमधली सर्वांत प्रसिद्ध जोडी मुन्स्टर चीजची. साल मिठाच्या पाण्याने धुऊन मुरवलेलं, उग्र वासाचं, आतून मऊ. सोबत चिमूटभर दाणे ठेवतात. फ्रेंच लोक त्यांना सर्रास 'क्युमँ' म्हणतात आणि शब्दकोश त्याचा अर्थ जिरं देतो, पण ताटात असतं ते कॅरवे, आपल्या शहाजिऱ्याच्या जवळचं. मूळ लेखात ही जोडी असेल तर तिथे जिरं लिहू नका. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड बाटली असेल, लेबलवर 'व्हाँदांज तार्दीव्ह' असेल, तर ती फ्वा ग्रा (मुद्दाम चरबी वाढवलेलं बदकाचं किंवा हंसाचं काळीज) किंवा फळांच्या टार्टबरोबर जाते. तिचं मराठी 'उशिराच्या तोडणीची' असं सरळ करता येईल.