वाचकांचे प्रश्न : जिवाभावाची मोटरहोम विकताना

प्रश्न : आमच्या कुटुंबाकडे गेली १४ वर्षे एक मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, आहे. मुलांच्या बहुतेक सुट्ट्या त्या गाडीतच गेल्या. कपड्यांच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूला, दरवर्षी त्यांची उंची पेन्सिलीने नोंदवलेली आहे आणि त्यातली सर्वांत खालची रेघ माझ्या मांडीपर्यंतच येते. आता मुले आपापल्या मार्गाला लागली असून गेल्या दोन वर्षांत गाडी जेमतेम तीनदा बाहेर पडली, म्हणून ती विकायचे आम्ही ठरवले आहे. परंतु तीन अडचणी आहेत. माझ्या पतींनी गाडीत स्वतःच्या हातांनी पुष्कळ सुधारणा केल्यामुळे त्यांच्या मनातली किंमत जाहिरातींतल्या किमतींपेक्षा बरीच जास्त आहे. सहा वर्षांपूर्वी छताच्या खिडकीतून पाणी गळले होते. ते आम्ही दुरुस्त करून घेतले, पण खरेदीदाराला सांगावे की नाही यावर घरात एकमत नाही. तिसरे म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना ही गाडी हवी आहे, मात्र कमी किमतीत आणि हप्त्यांनी. आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्या तीन अडचणींपैकी गळतीची अडचण मी आधी घेते, कारण बाकीच्या दोन्हींचा निकाल तिच्यावर अवलंबून आहे. मोटरहोमचे आयुष्य इंजिनापेक्षा ओलीमुळे लवकर संपते. बहुतेक गाड्यांची भिंत थरांची असते : बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पत्रा, मध्ये उष्णतारोधक फोम, आत पातळ प्लायवूड, आणि पुष्कळ जुन्या गाड्यांत हे सारे लाकडी चौकटीवर बसवलेले. खिडकीच्या किंवा सांध्याच्या सीलंटला, म्हणजे फट बुजवणाऱ्या लेपाला, बारीकशी चीर पडली, तरी पाणी आत शिरून चौकटीच्या कडेने वाहत जाते आणि शिरले तिथून हात-दोन हात दूर, कुठल्या तरी कोपऱ्यात डाग होऊन दिसते, तोपर्यंत आतले लाकूड कुजायला लागलेले असते. जाणकार खरेदीदार म्हणूनच इंजिन ऐकण्याआधी छताच्या खिडकीभोवती आणि भिंतींच्या कोपऱ्यांत अंगठा दाबून पाहतो, आणि भिंत स्पंजासारखी दबली तर पुढचे काही न विचारता निघून जातो.

तेव्हा जाहिरात देण्यापूर्वी ओलावा मोजण्याचे यंत्र असलेल्या तंत्रज्ञाकडून राहण्याच्या भागाची पूर्ण तपासणी करून घ्यावी आणि कोणत्या जागी किती आकडा आला हे गाडीच्या नकाशावर लिहून घ्यावे. साधारणपणे १५ टक्क्यांच्या आतला आकडा कोरडा समजतात, १५ ते २० टक्क्यांना लक्ष ठेवायला सांगतात आणि त्याच्या वर गेल्यास कारण शोधून काढावेच लागते. आपल्या खिडकीभोवतीचा आकडा कोरडा आला, तर सहा वर्षांपूर्वीची गळती ही लपवण्याची गोष्ट उरतच नाही. दुरुस्तीची पावती आणि आजचा अहवाल शेजारी शेजारी ठेवले, की दुरुस्ती टिकली हे खरेदीदाराला स्वतःच दिसते. आकडा वाईट आला, तर आधी दुरुस्ती करावी किंवा तेवढी किंमत कमी करून ते जाहिरातीतच लिहावे. काहीही असले तरी सांगायचेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या गाडीत उद्या दुसऱ्या कोणाची मुले झोपणार आहेत.

आता किमतीकडे येऊ. आपल्या पतींचे वाईट वाटणे मी समजू शकते, कारण स्वतःच्या हाताने बसवलेल्या प्रत्येक फळीमागे एक रविवार गेलेला असतो. पण सुधारणांवर झालेला खर्च विक्रीत क्वचितच परत मिळतो, आणि काही सुधारणा तर उलट्याही पडतात : जादा बॅटरी, सायकलींचा स्टँड, बाजूला उघडणारे कापडी छत, नवी कपाटे या सगळ्यांचे वजन गाडीच्या परवानगी असलेल्या एकूण वजनातून वजा होते आणि घेणाऱ्याच्या सामानासाठी तेवढी कमी मुभा राहते. शंभर लिटर पाणी भरले की शंभर किलो तिथेच जातात, हे लक्षात घेतले म्हणजे ही मुभा किती लवकर संपते ते कळेल. गाडी एकदा वजनकाट्यावर नेऊन पावती घ्यावी. किंमत ठरवताना त्याच बनावटीच्या, त्याच सुमाराच्या आणि तशीच मांडणी असलेल्या गाड्यांच्या जाहिराती काही आठवडे पाहाव्यात. कोणती लवकर निघून जाते आणि कोणती महिनोन् महिने पडून राहते, यावरून खरा भाव समजतो. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मात्र पतींच्या कष्टांना बाजारात एका रूपात निश्चित मोल आहे, ते म्हणजे नोंदींचे. सर्व्हिसिंगच्या पावत्या, गॅसच्या नळ्या आणि रेग्युलेटर कधी बदलले, इंजिनातला टायमिंग बेल्ट कधी बदलला (तो किलोमीटरवरच नव्हे, वर्षांवरही बदलायचा असतो, आणि कमी चाललेल्या गाडीत नेमके हेच राहून जाते), हे सारे तारखेनुसार एका फाइलीत लावावे. त्यांनी केलेल्या वायरिंगचा हाताने काढलेला आराखडासुद्धा त्यात असू द्यावा. अशी फाइल पाहिलेला माणूस घासाघीस करतो, पण संशय घेत नाही.

टायरांची नक्षी खोल दिसते म्हणून निश्चिंत राहू नये. मोटरहोमचे टायर झिजण्यापूर्वी वयाने म्हातारे होतात, आणि ते वय टायरच्या कडेवरच्या चार अंकांत लिहिलेले असते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. गाडीच्या राहण्याच्या भागातली बॅटरी शिशाची असेल, तर चार्जर आणि दिवे काही तास बंद ठेवून मग व्होल्ट मोजावेत. १२.७ च्या आसपास ती भरलेली असते, १२.२ म्हणजे निम्मीच उरलेली. फ्रिज गॅसवरही चालणारा असेल, तर तो हळूहळू थंड होतो आणि गाडी तिरकी उभी असेल तर नीट चालत नाही, म्हणून गाडी सपाट जागी लावून तो खरेदीदार गाडी पाहायला येण्याच्या आदल्या रात्रीच सुरू करावा. इंजिन मात्र आधी तापवून ठेवू नये, कारण थंड इंजिन कसे सुरू होते हेच पाहणाऱ्याला पाहायचे असते आणि गरम बॉनेटला हात लागताच त्याच्या मनात पाल चुकचुकते. सुगंधी फवारेही मारू नयेत. त्यामुळे ओलीचा वास लपवला असावा असेच वाटते.

दिरांबद्दल थोडे स्पष्ट लिहिते. नात्यात गाडी देण्यात गैर काही नाही, उलट ती डोळ्यांसमोर राहील. परंतु कमी किंमत आणि हप्ते या दोन्ही सवलती एकत्र देऊ नयेत, असे माझे मत आहे. हप्ता थकला की आपण तगादा लावू शकत नाही, गाडी बंद पडली की ते बोलू शकत नाहीत, आणि दोन्ही घरांत अबोला धरला जातो. तपासणीचा अहवाल आणि आपण काढलेला बाजारभाव त्यांच्यापुढे ठेवून, काही सूट द्यायची असल्यास ती एकदाच आणि आकड्यात सांगून, एका ठरावीक तारखेपर्यंत त्यांना पहिला हक्क द्यावा. त्या तारखेपर्यंत पूर्ण रक्कम उभी राहिली नाही, तर जाहिरात जाईल, हेही त्याच बैठकीत सांगावे. सासूबाईंकडून किंवा पतींकडून निरोप पाठवण्याऐवजी तिघांनी समोरासमोर बोलणे बरे.

परका खरेदीदार आला, तर रक्कम आपल्या खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली पाहूनच किल्ली द्यावी. मोबाइलवर दाखवलेला संदेश म्हणजे पैसे नव्हेत. कोणी ठरल्यापेक्षा जास्त रक्कम पाठवून फरक परत मागितला, तर व्यवहार तिथेच थांबवावा, कारण ही फसवणुकीची जुनी रीत आहे. मालकी बदलल्याची नोंद आणि विम्याचा बदल त्याच दिवशी उरकावा.

राहिले कपाटाचे दार. त्याविषयी आपण काहीच विचारलेले नाही, तरी पत्रात सर्वांत जवळून वर्णन त्याचेच आहे. असे दार सहसा दोन-तीन बिजागऱ्यांवर असते. त्याच मापाचे नवे दार सुताराकडून करून बसवावे, जुने घरी न्यावे, आणि हे जाहिरातीसाठी फोटो काढण्याच्या आधीच करावे.