बांधून झाल्यावर चालवणार कोण?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एवढ्या मोठ्या प्रकल्पावर बिझनेस आर्किटेक्ट म्हणून नेमणूक झाली, आणि पहिल्याच आठवड्यात एका वरिष्ठ अभियंत्यांनी बैठकीत विचारलं, "तुम्ही इथे नेमकं काय बांधणार?" तू गप्प बसलीस आणि घरी येऊन मला लिहिलंस. त्यांचा राग धरू नकोस. प्रश्न रास्त आहे आणि पुढची काही वर्षं तो तुला वारंवार ऐकावा लागणार आहे, म्हणून उत्तर तयार ठेव. पूल, बोगदा, पाइपलाइन बांधणारे लोक आहेतच. ते बांधून झाल्यावर कोण चालवणार, कोणत्या पैशांवर, कोणाच्या सहीने आणि कोणत्या माहितीच्या आधारे, हे बांधकाम चालू असतानाच ठरवून घेणं हे तुझं काम.

तू इंदूरची, नर्मदेच्या पाण्यावर वाढलेली, म्हणून तेच उदाहरण घेते. १९७८ पासून नर्मदा आपल्या घरी येते आहे. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पाणी उचलायचं, साधारण ७० किलोमीटर आणायचं, आणि तेही चढावर, कारण नदी खाली निमाडात आणि आपण वर माळव्याच्या पठारावर. पहिल्या टप्प्यानंतर आणखी दोन टप्पे झाले. पाइप कोणत्या व्यासाचा, पंप किती शक्तीचे, हे सगळं डीपीआरमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या सविस्तर अहवालात, बारकाईने लिहिलेलं असतं. पण पाइप एकदा टाकला की टाकला. विजेचं बिल मात्र दर महिन्याला येतं आणि पंप चालू आहेत तोवर येतच राहणार. या योजनेचा खरा भार तिथे आहे.

म्हणूनच २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्या नगर निगमने हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं व्याजी कर्ज, काढून २४४ कोटी रुपये उभे केले, जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. सामान्य माणसांनाही घेता येतील असे रोखे होते. तेव्हा सगळीकडे चर्चा झाली ती सौर पॅनेलची. तू मात्र ही गोष्ट वेगळ्या नजरेने बघ. आजवर पाणी उचलणाऱ्या खात्याला पंप आणि व्हॉल्व सांभाळले की पुरत होतं. आता त्याच पाण्याच्या मागे व्याजाच्या तारखा आल्या, गुंतवणूकदार आले, तयार झालेल्या विजेचा वीज कंपनीशी हिशेब आला. प्रत्येक कामाला माणूस लागतो, अधिकार लागतो, आकडा लागतो. तो आकडा कुठल्या रजिस्टरमधून येणार? पंपाची वीज किती जळली हे जलूदचा पाळीवरचा माणूस लिहितो. व्याजाचा हप्ता इंदुरातला लेखाधिकारी भरतो. त्या दोघांच्या मधली वाट आखणं म्हणजे तुझा पेशा.

ती कशी आखायची ते सांगते, कारण मला यातच सगळ्यात जास्त रस आहे. सुरुवातीला संस्थेचा खातेनिहाय तक्ता बाजूला ठेव. खाती बदलतात, एकत्र होतात, साहेब बदलले की नावंही बदलतात. त्याऐवजी संस्थेला काय काय करता आलं पाहिजे, ते लिही. पाणी उचलणं, शुद्ध करणं, टाक्यांपर्यंत नेणं, वस्त्यांत वाटणं, मोजणं, पट्टी आकारणं, ती वसूल करणं, तक्रार घेणं, गळती शोधणं, वीज विकत घेणं, कर्ज फेडणं. यालाच तुमच्या धंद्यात कॅपॅबिलिटी मॅप म्हणतात. मग एकेका कामापुढे विचार: हे आज कोण करतं? नवीन प्रकल्प आल्यावर कोण करेल? त्याला कोणती माहिती लागेल? पैसा अंदाजपत्रकातल्या कोणत्या हेडखाली येतो? जिथे दोन नावं येतील तिथे उद्या भांडण आहे. जिथे एकही नाव येणार नाही, तिथे त्याहून मोठं संकट आहे. ती रिकामी जागा शोधून काढलीस की तुझा त्या महिन्याचा पगार फिटला असं मी मानीन.

त्यानंतर तोच प्रवास नळाच्या बाजूने कर. आपल्या बऱ्याच वस्त्यांत पाणी दिवसाआड येतं. समज, एका घरात आज पाणी आलं नाही. त्या बाईंनी फोन केला. तो फोन कोणी उचलला, झोन ऑफिसमध्ये कोणाला कळवलं, व्हॉल्वमन कोणाचं ऐकतो, टाकीच भरली नव्हती हे कोणाला आणि किती वेळाने कळलं? ही साखळी तिच्या दारापासून सुरू करून जलूदपर्यंत काढ. उलटी काढलीस तर अभियंत्यांना आवडेल, पण बाई त्यात दिसणार नाहीत.

ही आखणी राहून गेली तर काय होतं, ते बघ. लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं पाचवं टर्मिनल २७ मार्च २००८ ला सुरू झालं. एवढं प्रचंड बांधकाम वेळेत आणि ठरलेल्या खर्चात झालं म्हणून त्याचं कौतुक होत होतं. पहिल्याच दिवशी सामानाची व्यवस्था कोलमडली आणि पुढच्या काही दिवसांत शेकडो उड्डाणं रद्द करावी लागली. कारणं वाचलीस तर थक्क होशील. कर्मचाऱ्यांना गाडी कुठे लावायची ते सापडत नव्हतं, सुरक्षा तपासणीतून कामाच्या जागी पोचायला उशीर होत होता, संगणकात लॉगइन होत नव्हतं, नव्या जागेची पुरेशी सवय झालेली नव्हती. इमारत विमानतळ कंपनीची, चालवणारी माणसं विमान कंपनीची, आणि दोघांच्या मध्ये राहिलेली फट प्रवाशांच्या वाट्याला आली. याच शहरातली एलिझाबेथ लाइन डिसेंबर २०१८ ला सुरू व्हायची होती, ती २४ मे २०२२ ला सुरू झाली. मुख्य करारच ३६ होते, आणि एकच गाडी तीन वेगवेगळ्या सिग्नल यंत्रणांमधून धावायची होती. प्रत्येक ठेकेदाराला आपला तुकडा ठाऊक होता. तुकडे जुळवून अखंड रेल्वे उभी करण्याचं काम सगळ्यात अवघड आहे, याचा अंदाज फार उशिरा आला.

आता आपली मेट्रो बघ. ३१ मे २०२५ ला गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर हा सुमारे ६ किलोमीटरचा पहिला तुकडा सुरू झाला. मार्ग आणि गाड्या मेट्रो कंपनीच्या, सिटी बस दुसऱ्या कंपनीची, रस्ता निगमचा, आजूबाजूची बरीच जमीन विकास प्राधिकरणाने आखलेली, चौकातली वाहतूक पोलिसांची. सुपर कॉरिडॉरवर वस्ती अजून विरळ आहे. सुदामा नगरातल्या मुलीने मेट्रोने कामावर जायचं म्हटलं तर घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस या दोन टोकांची जबाबदारी कोणाच्या फाइलमध्ये आहे? अशा वेळी बिझनेस आर्किटेक्टने या पाचही जणांना एका टेबलाशी बसवायला हवं, आणि तेही रूळ टाकण्याच्या कितीतरी आधी. मला आपल्या शहराबद्दल मनापासून वाटतं म्हणून एवढं लिहिते आहे. स्वच्छतेत आपण देशाला दाखवून दिलं की घरातून निघालेला कचरा कुठे जातो, कोणाच्या गाडीतून जातो आणि शेवटी त्याचं काय होतं, ही साखळी बसवता येते. देवगुराडियाच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्याचा गॅस होतो, कारण घराघरात तो वेगळा काढण्याची सवय आधी लागली. यंत्राइतकीच त्या सवयीचीही आखणी झाली होती.

वेळेबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. तुझं म्हणणं टेंडर निघण्यापूर्वी कागदावर आलं पाहिजे. चालवणाऱ्या माणसांचं प्रशिक्षण किती दिवसांचं, सुटे भाग किती वर्षांचे, नकाशे आणि यंत्रांची माहिती कोणत्या रूपात सोपवायची, हे टेंडरमध्ये असेल तर ठेकेदार ते किमतीत धरतो. नंतर मागितलंस तर तो वाढीव कामाचं बिल लावेल आणि ते चुकीचंही नसेल.

एका गावच्या जलशुद्धीकरण केंद्रावर मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. ठेकेदाराने प्रत्येक पंपाला आपला क्रमांक दिला होता, भांडारात त्याच पंपाचा दुसरा क्रमांक, आणि लेखा विभागात तिसराच. पंपाचं सील गेलं तेव्हा ते नेमकं कुठल्या पंपाचं हे तीन विभागांत जुळेना, आणि तोवर पंप बंद. दोष कोणा एकाचा नव्हता. सगळ्यांसाठी एकच यादी करायला कोणी सांगितलंच नव्हतं. तू पहिल्या वर्षी दुसरं काही केलं नाहीस आणि फक्त सगळ्या यंत्रांची एक सामाईक यादी मान्य करून घेतलीस, तरी मी म्हणेन काम झालं.

माणसांशी कसं वागायचं, हेही तू विचारलंयस. कार्यकारी अभियंत्यांकडे आपला तक्ता घेऊन जाऊ नकोस. कोरा कागद घेऊन जा आणि त्यांच्याकडून भरून घे. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं रात्रपाळीला पंप सांभाळले आहेत त्यांना कुठल्याही सल्लागारापेक्षा जास्त माहिती असते, आणि त्यांना कोणी विचारत नाही. नाव घेऊन, मान देऊन विचार. इंग्रजी संज्ञा त्यांच्यासमोर वापरू नकोस, "हे बंद पडलं तर तुम्ही पहिला फोन कोणाला करता?" एवढा प्रश्न पुरतो. वित्त खात्याशी लवकर ओळख कर. पाच वर्षांनी या प्रकल्पाला कर्मचारी मिळतील की नाही हे तिथल्या एका ओळीवर ठरतं. आणि डीपीआरमध्ये जे फायदे लिहिले आहेत, त्यांतला प्रत्येक फायदा उद्घाटनानंतर कोण मोजणार हे नावानिशी लिहून घे. बहुतेक ठिकाणी हा रकाना रिकामा सापडेल. तो तसाच सोडू नकोस, बैठकीच्या इतिवृत्तात आण.

त्या अभियंत्यांना उत्तर द्यायचं राहिलं आहे ना? पुढच्या बैठकीची वाट बघू नकोस. त्यांना सांग, एक दिवस तुमच्याबरोबर साइटवर येऊ द्या, आणि हा प्रकल्प हातात आल्यावर तुम्हाला कशाची काळजी वाटते ते मला सांगा. जे सांगतील ते तसंच्या तसं लिहून घे. तुझ्या तक्त्याची पहिली ओळ तीच असू दे.

कच्चा तक्ता झाला की पाठव, नीटनेटका करत बसू नकोस. रविवारी सकाळी घरी आलीस तर आणखी बरं, पोहे खाता खाता एकेक रकाना तपासू. आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी