ईशान्येकडचं मूल दत्तक घेतलं तर त्याची मूळ ओळख कशी जपायची?

तुम्ही लिहिलंय की कारा या दत्तक प्रक्रिया बघणाऱ्या केंद्रीय संस्थेकडून आसाममधल्या दीड वर्षाच्या मुलीचा रेफरल, म्हणजे दत्तकासाठीचा प्रस्ताव, आलाय, घरचे म्हणतायत "चारचौघांत वेगळी दिसेल", आणि तुम्हाला पडलेला प्रश्न असा की तिला पूर्ण मराठी वळणानं वाढवायचं की तिकडचंही काही द्यायचं. आमची लेक आसाममधल्याच एका संस्थेतून आली. आता अकरा वर्षांची आहे, आम्ही कर्वेनगरला राहतो. त्यामुळे जे पाहिलं तेच लिहिते.

चेहऱ्यावरून तिची ओळख ठरवायला जाऊ नका. आसाम म्हणजे एकच समाज नव्हे. अहोम, बोडो, मिसिंग, कार्बी, नेपाळीभाषक, शिवाय इंग्रजांनी चहामळ्यांवर नेलेले झारखंड-ओडिशाकडचे आदिवासी, सगळे तिथलेच. आमच्या लेकीच्या चाइल्ड स्टडी रिपोर्टमध्ये, म्हणजे संस्थेनं लिहिलेल्या तिच्या माहितीच्या अहवालात, आईवडील, समाज, भाषा या प्रत्येक रकान्यापुढे "अज्ञात" लिहिलंय. मग तिला मेखला-चादर नेसवायची की बोडोंचा दखना? हौस म्हणून काहीही नेसवा, पण "ही तुझी संस्कृती" असं सांगू नका. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगितलं की मुलं ते बऱ्यापैकी पचवतात. मनानं रचून सांगितलेलं मात्र पुढे अंगाशी येतं.

वेशभूषेपेक्षा माणसं द्या. पुण्यात ईशान्येकडची मंडळी कमी नाहीत: विद्यार्थी आहेत, आयटीवाले आहेत, सलूनमध्ये आणि हॉटेलांत काम करणारी मुलंमुली आहेत. आमची बाणेरच्या एका आसामी कुटुंबाशी ओळख झाली. माघ बिहू नेमका संक्रांतीच्या सुमारास येतो, त्यामुळे आमच्याकडून तिळगूळ जातो आणि तिकडून तीळ-गूळ भरलेला पिठा, म्हणजे तांदळाच्या पिठाची गुंडाळी, येतो. त्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या ताईकडे लेक टक लावून बघत बसायची. आपल्यासारखे डोळे असलेली मोठी बाई चष्मा लावून लॅपटॉपवर काम करते, मोठ्यानं हसते, भावाशी भांडते, हे तिला बघायचं होतं. ते आम्ही दोघं तिला कुठून दाखवणार?

आता बाहेरचं जग. रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे तिच्याशी हिंदीत सुरू होतात. ती अस्सल कर्वेनगरी सुरात म्हणते, "काका, मराठीत बोला की!" हे गमतीचं. २०२०मध्ये सोसायटीतल्या एका पोरानं तिला "कोरोना" म्हटलं, ते गमतीचं नव्हतं. माझ्या सासूबाई खाली उतरल्या. त्याची आई म्हणाली, "अहो, लहान आहे तो." सासूबाई म्हणाल्या, "लहान आहे म्हणूनच आत्ता सांगतेय." त्या दिवसापासून लेकीला आजीचा आधार वाटतो, आमच्यापेक्षा काकणभर जास्तच. म्हणून सांगते, घरचे आज कुरकुरत असले तरी त्यांना यात धरून ठेवा.

आणि "आपल्या पुण्यात असलं काही नसतं" या भ्रमात राहू नका. २०१२च्या ऑगस्टमध्ये इथे ईशान्येकडच्या तरुणांवर हल्ले झाले होते, अफवा पसरल्या होत्या, आणि कितीतरी जण मिळेल त्या गाडीनं गावी निघून गेले होते. "आम्हाला तुझा रंग, चेहरा दिसतच नाही" हे वाक्य प्रेमाचं वाटतं, पण शाळेत कुणी "चिंकी" म्हटलं तर ते घरी कुणाला सांगायचं, असा प्रश्न त्यानं मुलीला पडतो. दक्षिण कोरियातून १९५०च्या दशकापासून सुमारे दोन लाख मुलं परदेशी, बहुतेक गोऱ्या घरांत दत्तक गेली. त्यांतल्या अनेकांनी मोठेपणी हेच सांगितलं: घरी माया होती, पण या विषयावर बोलायला कुणी नव्हतं. (२०२५मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगानं त्या दत्तक प्रकरणांतल्या खोट्या कागदपत्रांबद्दल सरकारलाही जबाबदार धरलं, ते वेगळंच.)

याची उलटी बाजूही मी पाहिलीय. पुण्यात जन्मून स्वीडनमधल्या दत्तक घरी वाढलेली एक मुलगी आपले दत्तकाचे कागद बघायला आली होती. तिच्याबरोबर लक्ष्मी रोडला गेले. दिसायला अगदी आपली, त्यामुळे दुकानदार धडाधड मराठीत बोलत होते, आणि ही गप्प राहिली की "भाव खातेय" असा चेहरा करत होते. बिचारीनं शेवटी बांगड्या घेतल्याच नाहीत.

नियमाचं म्हणाल तर २०२२च्या दत्तक विनियमांत तत्त्व आहेच की मूल शक्यतो त्याच्याच सामाजिक-सांस्कृतिक वातावरणात द्यावं. कुणी ते तुमच्या तोंडावर फेकलं तर "शक्यतो" हा शब्दही वाचायला सांगा. संस्थेच्या पाळण्यात पडून राहण्याला मी तरी संस्कृती म्हणणार नाही. आणि दत्तकाचा आदेश झाला की कायद्यानं ती पूर्णपणे तुमची मुलगी, सगळ्या हक्कांसकट.

रेफरल आल्यापासून मूल राखून ठेवायला ४८ तासच मिळतात, तेव्हा नातेवाइकांची परिषद नंतर भरवा. संस्थेत गेलात की सांभाळणाऱ्या मावशींना विचारा, तिला कोणत्या नावानं हाक मारता, झोपवताना काय म्हणता, कोणत्या भाषेत बोलता. चालत असेल तर अंगाईचं रेकॉर्डिंग करा. संस्थेतलं नाव बदललंत तरी लिहून ठेवा. आली त्या दिवशीचे कपडे धुवून जपून ठेवा. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढा, कारण अठरा वर्षांची झाली की ती स्वतः मूळशोधासाठी, म्हणजे आपल्या जन्माची माहिती मिळवण्यासाठी, अर्ज करू शकते, त्याआधी तुमच्यासोबत. जन्मदात्यांची ओळख गुप्त ठेवायचा हक्क कायदा सांभाळतो, त्यामुळे तिथून फार काही हाती लागेलच असं नाही. तेव्हा कदाचित तुम्ही आज जमवलेली ही फाईलच तिला सगळ्यात जास्त सांगेल.