पंगतीतला अनोळखी शेजारी

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. लग्न, बारसे, वास्तुशांत अशा कार्यांना गेलो तरी आपल्याच चार माणसांत बसून परततो. अनोळखी माणसांशी बोलत जा, असे सूनबाई सांगतात. या वयात त्यातून काय मिळणार, आणि बोलणे काढावे तरी कसे?
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : सूनबाईंचे ऐकावे. जवळच्या चौघांना जे ठाऊक असते, ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते. नवे काही कानावर येते ते दूरच्या ओळखीतून. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांनाच ती वरचेवर भेटणाऱ्या माणसामुळे मिळाल्याचे, तर जवळपास २८ टक्क्यांना वर्षातून एखाद्या वेळी किंवा त्याहूनही क्वचित भेटणाऱ्यामुळे मिळाल्याचे दाखवले होते. आपल्याला नोकरी नको आहे. पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा अनुभव, गावातले वाचनालय चालवणारी मंडळी किंवा शिकवणीसाठी शिक्षक शोधणारे पालक याच वाटेने भेटतात.

संकोच मात्र आपल्या एकट्याचा नाही. पहिल्या गप्पांनंतर समोरच्याला आपण किती आवडलो, याचा अंदाज माणसे प्रत्यक्षापेक्षा कमीच बांधतात, असे मानसशास्त्रज्ञांना २०१८ च्या एका अभ्यासात आढळले आहे.

संकोची माणसासाठी पंगतीसारखी सोय नाही, कारण शेजारी कोण बसणार हे तिथे आपल्या हाती नसते. बुफेत ताट घेऊन जो तो आपल्या घोळक्यात जातो, आणि तिथेच ही संधी हुकते. आपल्या भागात तर वेळ अमावस्येचा शेतातला सण आहे : शेतातल्या कोपीजवळ (कडब्याच्या खोपीजवळ), वाटेने जाणाऱ्यालाही भज्जी (मिश्र भाजी) आणि आंबील (ज्वारी-ताकाचे पेय) घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. कोणी शेतात बोलावले, तर आपल्या नेहमीच्या मंडळींना सोडून एकदा तरी जावे.

बोलण्याची सुरुवात समोरच्या गोष्टीवरून करावी. आंबील कोणी केली, ज्वारी कशी आहे, पाहुणे कोणत्या गावाहून आले, एवढे पुरते. आडनाव विचारण्याची घाई नको. ते कळताच माणूस कुठल्या तरी कप्प्यात जातो आणि बोलण्यातला मोकळेपणा संपतो. आपण शिक्षक आहात, म्हणून आणखी एक सुचवतो : उत्तर देण्यापेक्षा विचारण्याकडे कल ठेवावा. विमा किंवा साखळी योजना विकण्यासाठीच कोणी जवळ आला असेल, तर मठ्ठा आणण्याच्या निमित्ताने खुशाल उठावे.