आत्महत्येचे विचार येत असताना साताऱ्यात कोणाकडे जावे?

तुमच्या प्रश्नाचा मजकूर थोडक्यात असा आहे: तुमचे वय 26 आहे, तुम्ही कोरेगाव तालुक्यात राहता, गेले अडीच महिने मरणाचे विचार डोक्यातून जात नाहीत, घरी कोणाला सांगितलेले नाही, दर आठवड्याला पुण्याला जाणे खिशाला झेपणार नाही, आणि म्हणून साताऱ्यात ‘चांगला थेरपिस्ट’ कोण हे तुम्हाला हवे आहे.

आधी एक गोष्ट स्पष्टपणे विचारतो, राग मानू नये. हे विचार ‘आता सगळे नको झाले आहे’ अशा स्वरूपाचे आहेत, की कधी आणि कसे हेही मनात ठरत चालले आहे? दुसरे असेल, तर थेरपिस्ट शोधण्याचे काम आज बाजूला ठेवा. 14416 हा टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. जीव धोक्यात आहे असे वाटले तर 112 किंवा रुग्णवाहिकेसाठी 108 लावा, अथवा सरळ जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. तिथे रात्री दोन वाजताही डॉक्टर असतात. तोपर्यंत एकटे राहू नका. शेजारी बसणाऱ्या माणसाला सगळी हकिकत सांगितलीच पाहिजे असे नाही. ‘मला आज एकट्याने राहायचे नाही’ एवढे एक वाक्य पुरते.

मी डॉक्टर नाही. साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी करतो. 2019 च्या पावसाळ्यात मी तुमच्याच जागी होतो, आणि लोक ताप अंगावर काढतात तसे मी हे दुखणे अंगावर काढत होतो. शेवटी मदत घ्यायची असे ठरले तेव्हा मी ‘सर्वांत चांगला’ माणूस शोधायला लागलो, म्हणजे अर्थातच पुण्यातला, ज्यांचे लेख वर्तमानपत्रात येतात असा. त्यांची वेळ सात आठवड्यांनंतरची मिळाली. मधल्या काळात ओळखीतून एका समुपदेशकांचे नाव कळले म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी रोज पाच चांगल्या गोष्टी वहीत लिहायला सांगितल्या, आणि मी मरणाचा विषय काढताच ‘असे बोलायचे नसते’ म्हणून पुढचा प्रश्न विचारला. त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. परंतु त्या वाक्यानंतर दीड महिना मी या विषयावर कोणाजवळ अवाक्षर काढले नाही. पुढे पित्त आणि झोप यांसाठी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो असता त्यांनी नाडी धरल्या धरल्या विचारले, ‘जगावेसे वाटते ना?’ मला उत्तर देता आले नाही. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली ती आमच्या घरापासून दहा मिनिटांवर बसणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांच्या नावाने. पुण्याच्या वेळेला मी गेलोच नाही, कारण तोपर्यंत इथेच उपचार सुरू झाले होते.

म्हणून माझे मत असे झाले आहे की तुमच्या स्थितीत ‘चांगला कोण’ या प्रश्नाऐवजी ‘या आठवड्यात कोण भेटेल, आणि पुढच्या आठवड्यातही एसटीने जाऊन कोणाला भेटता येईल’ हा प्रश्न विचारावा. या उपचारात एका भेटीने काही होत नाही. भेटी चुकू न देणे हेच निम्मे काम असते, आणि दोनशे किलोमीटरच्या येण्याजाण्यात ते पहिल्या महिन्यातच मोडते.

आता ‘थेरपिस्ट’ या शब्दाविषयी, कारण इथेच पुष्कळांची फसगत होते. मनोविकारतज्ज्ञ (यांनाच आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञही म्हणतात) हे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर असतात. तपासून निदान करणे, औषधे देणे आणि गरज पडल्यास दाखल करून घेणे हे त्यांना करता येते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाहीत. ते बोलण्यातून, ठरावीक पद्धतीने उपचार करतात, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र उत्तम प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीच्या दारावरही असू शकते आणि दोन दिवसांची कार्यशाळा केलेल्याच्या दारावरही. आत्महत्येचे विचार येत असतील तर पहिली भेट मनोविकारतज्ज्ञांची घ्यावी, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. नैराश्य किती खोल आहे, त्यामागे थायरॉइडसारखे शारीरिक कारण आहे का, दारूचा भाग किती, हे आधी डॉक्टरने पाहिलेले बरे. बोलण्याचा उपचार कोणाकडे घ्यायचा हे पुष्कळदा तेच सुचवतात.

साताऱ्यात सुरुवात करण्याची सर्वांत सरळ जागा म्हणजे सदर बझारमधले क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, ज्याला आपण सगळे ‘सिव्हिल’ म्हणतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 साली सुरू झाला आणि 1996 पासून त्याचा जिल्हा पातळीवरचा भाग उभा राहिला. त्या कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिका असे पथक असणे अपेक्षित असते. केसपेपर काढण्याच्या खिडकीवर ‘मानसोपचार विभाग’ एवढेच म्हणावे, कारण सांगण्याची गरज नाही. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा असतो, म्हणून कोरेगावहून पहिल्या गाड्यांपैकी एखादी धरावी. गर्दी असते हे खरे, आणि डॉक्टरांना तुमच्यासाठी तासभर काढता येणार नाही हेही खरे. पण जो डॉक्टर दिवसाला असे कितीतरी रुग्ण पाहतो, त्याच्यासमोर तुमचे वाक्य धक्कादायक ठरत नाही, हा त्या गर्दीचा एक फायदाच आहे. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हे पथक ठरलेल्या दिवशी येते का, हेही तिथेच विचारून घ्या. येत असेल तर तुमचा एसटीचा खर्चही वाचेल.

याखेरीज डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी साताऱ्यात सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था व्यसनमुक्तीबरोबर मानसिक आरोग्याचेही काम करते, त्यामुळे दारूचा प्रश्न गुंतलेला असेल तर तिचा विचार अवश्य करावा. साताऱ्यात ओळखीचे कोणी दिसण्याची भीती फारच वाटत असेल, तर कराड किंवा मिरज येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही मानसोपचार विभाग आहेत, आणि कोरेगाव स्टेशन पुणे-मिरज रेल्वेमार्गावरच असल्याने हे अंतर वाटते तितके अवघड नाही.

खासगी डॉक्टर निवडत असाल तर भेटीची वेळ घेतानाच फोनवर विचारावे: शिक्षण काय, नोंदणी कोठे आहे, आत्महत्येचे विचार येणाऱ्या रुग्णांवर ते स्वतः उपचार करतात का, पहिल्या भेटीला किती वेळ देतात आणि फी किती. हे विचारणे उद्धटपणाचे वाटते, मलाही वाटले होते. पण विहीर खणणारा माणूस ठरवतानासुद्धा आपण चार प्रश्न विचारतो. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पुनर्वास परिषदेकडे पडताळता येते. ‘हमखास गुण’, ‘एका बैठकीत नैराश्य दूर’ अशी भाषा ऐकू आली की फोन ठेवून द्यावा.

कळण्याची भीती हा तुमच्या प्रश्नातला, मला वाटते, खरा अडसर आहे. ‘वेड्यांचा डॉक्टर’ हा शब्द आपल्याकडे अजून मेलेला नाही, आणि गावात कोणाची गाडी कोणत्या दवाखान्यासमोर उभी होती हे संध्याकाळपर्यंत पारावर पोचते, हे मी नाकारत नाही. मी पहिल्या भेटीला पोवई नाक्यावर गाडी लावून उरलेले अंतर चालत गेलो होतो. आत गेल्यावर बाकावर आमच्याच शाखेचे एक खातेदार बसलेले दिसले. आम्ही दोघांनी एकमेकांना पाहिले, पावसाविषयी दोन वाक्ये बोललो आणि आजतागायत आमच्यापैकी कोणीही तो विषय काढलेला नाही. त्या बाकावर बसलेला माणूस सहसा बाहेर बोलत नाही, कारण त्यालाही तेच झाकायचे असते.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली संमत झाला आणि 29 मे 2018 पासून लागू झाला. त्यातील कलम 23 प्रमाणे तुमची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका टाळण्यासाठी आवश्यक तेवढी माहिती सांगण्याची मुभा मोजक्याच अपवादांत येते, आणि त्यांची सीमा कोठे हे तुम्ही पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारू शकता. घरच्यांऐवजी एखाद्या विश्वासू सज्ञान मित्राला तुमचा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ म्हणून साध्या कागदावर लिहून, सही करून नेमता येते. वडिलांनाच बोलवावे लागेल या धास्तीने तुम्ही थांबला असाल तर ही तरतूद तुमच्या कामाची आहे. पोलिसांची भीतीही मनातून काढा. मरणाचे विचार येणे हा गुन्हा कधीच नव्हता, आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा करू नये, असे याच कायद्याचे कलम 115 सांगते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडविधानाचे कलम 309 घेतलेलेच नाही. ‘खरे बोललो तर दाखल करून घेतील’ अशी शंकाही अनेकांना असते. विचार येतात एवढ्यावरून कोणी कोंडून ठेवत नाही; बहुतेकांवर माझ्यासारखे येऊन-जाऊनच उपचार होतात, आणि इच्छेविरुद्ध दाखल करण्यासाठी कायद्याने कडक अटी घातल्या आहेत.

पहिल्या भेटीत झोप, भूक, कामातले लक्ष, घरात पूर्वी कोणाला असा आजार होता का, दारू, यापूर्वी कधी स्वतःला इजा करून घेतली का, असे प्रश्न येतील, आणि मरणाविषयीही सरळ विचारले जाईल. तसे विचारल्याने विचार वाढत नाहीत. मला तर कोणी तरी तो शब्द उच्चारला म्हणून हायसे वाटले होते. समोर बसल्यावर शब्द फुटणार नाहीत अशी भीती असेल तर कागदावर चार ओळी लिहून न्या आणि तो कागद पुढे सरकवा. चांगला उपचारक पहिल्या एक-दोन भेटींत तुमच्यासोबत बसून सुरक्षेचा आराखडा लिहितो: विचार वाढू लागल्याची खूण कोणती, तेव्हा कोठे जायचे, कोणाला फोन करायचा, आणि ज्या वस्तूंचा धोका वाटतो त्या घरातून हलवून कोणाच्या ताब्यात द्यायच्या. हे शेवटचे काम डॉक्टरांची वाट न पाहता आजच करता येते. कपाटाची किल्ली चुलत्यांकडे देताना कारण सांगावेच लागते असे नाही.

औषधे लिहून दिली तर त्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, हे आधी माहीत नसल्याने अनेक जण आठव्या दिवशी गोळ्या सोडतात. विशेषतः तरुण वयात, सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता किंवा हेच विचार वाढल्यासारखे वाटले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, आणि बरे वाटू लागल्यावर गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. घरी कळले तर कोणी ‘बाहेरचे’ बघायला सुचवेल, उतारा काढेल. भांडत बसू नका, गोळी मात्र चुकवू नका.

दोन-तीन भेटींनंतरही ऐकून घेतले जात नाही असे वाटले, तर तसे त्यांना सांगावे आणि दुसरे नाव मागावे. एखाद्याशी न जुळणे म्हणजे उपचार निष्फळ ठरणे नव्हे; मी त्या पहिल्या अनुभवावरून सगळ्यांचीच पारख केली आणि दीड महिना वाया घालवला, तो तुम्ही घालवू नये म्हणून एवढे लिहिले.

आता वेळ घेण्यासाठी फोन कराल तेव्हा पलीकडचा माणूस ‘काय त्रास आहे?’ असे विचारील, आणि तोंडातून ‘झोप येत नाही’ एवढेच निघेल. मग तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळेल. त्याऐवजी म्हणा, ‘मला आत्महत्येचे विचार येत आहेत, मला या आठवड्यातच डॉक्टरांना भेटायचे आहे.’ तरीही तारीख लांबची मिळाली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सिव्हिलची खिडकी उघडी असते.