विषय पाकिस्तानचा असला तरी मुलगी तुमची आहे

कोल्हापूरच्या एका वडिलांचं पत्र : ‘मुलगी पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए. करते. हुशार आहे. आम्ही तिला यूपीएससीसाठी धरलं होतं. आता म्हणते, सिंधच्या असेंब्लीतून पाकिस्तानच्या राष्ट्रीय असेंब्लीत गेलेल्या लोकप्रतिनिधींवर पीएच.डी. करायची. तिथे सगळं लष्कर ठरवतं, आमदार-खासदार नुसती बाहुली. त्यांचा अभ्यास काय करायचा? व्हिसा मिळणार नाही, नोकरी मिळणार नाही, आणि लोक काय म्हणतील? तिची उर्दूची वही मी कपाटात ठेवून कुलूप लावलंय. दिवाळीपासून ती माझ्याशी धड बोलत नाही. तुम्ही तिला समजवा.’

नमस्कार. तिला समजावण्याआधी मला तुमच्याशी बोलायचं आहे.

तुमच्या पत्रात मुलीच्या गुणांची काळजी नाही, तिच्या तब्येतीची नाही. मला धास्ती वाटली ती त्या कुलपाची. मतदान करणाऱ्या, पदवीधर मुलीची वही आपण लहान मुलाच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा तशी काढून घेतलीत. ‘आम्ही तिला यूपीएससीसाठी धरलं होतं’ या वाक्यात ती स्वतः कुठे आहे? तिला विचारलं होतं का? की नात्यातल्या कुणाचा मुलगा अधिकारी झाला आणि त्या दिवसापासून घरात हा विषय सुरू झाला? मी कठोर बोलतेय, पण अशी कुलपं लावलेली घरं मी पाहते. मुलं परीक्षेला बसतात, नापास होतात, आणि मग घरी काही सांगायचंच बंद करतात. तुमच्या घरात हे न बोलणं आधीच सुरू झालंय. विषय नंतर ठरवू. वही आज संध्याकाळी तिच्या हातात द्या, आणि देताना उपदेश करू नका.

‘लोक काय म्हणतील’ यामागे थोडी खरी भीतीही असेल. मुलीवर कुणी संशय घेतला तर, असं बापाला वाटणारच. त्यावर उपाय आहे. काम विद्यापीठातून, मार्गदर्शकांच्या माहितीत आणि लेखी नोंदीने करायचं. समाजमाध्यमांवर तिकडच्या अनोळखी लोकांशी ओळखी वाढवायच्या नाहीत. शेजारच्या देशाची असेंब्ली समजून घेणं हा काही गुन्हा नाही. आपल्याला हे जाणणारी माणसं हवीतच.

आता ‘बाहुली’बद्दल. तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. तिथे एकाही पंतप्रधानाला पाच वर्षं पूर्ण करता आलेली नाहीत. २०२४च्या निवडणुकीत इम्रान खान यांच्या पक्षाचं बॅट हे चिन्हच गेलं आणि त्यांचे उमेदवार अपक्ष म्हणून लढले. पण उरलेलं अर्धं पाहा. १६ एप्रिल २०२२ला लाहोरला पंजाब असेंब्लीत मुख्यमंत्री निवडायचा होता. पक्ष सोडून जाणाऱ्याला तिकडे ‘लोटा’ म्हणतात. त्या दिवशी सदस्य सभागृहात खरोखरचे लोटे घेऊन आले, उपसभापतींवर फेकले, त्यांचे केस ओढले. इम्रान यांच्या पक्षातून फुटून पक्षाविरुद्ध मत देणाऱ्या २५ जणांची सदस्यत्वं पुढे निवडणूक आयोगाने रद्द केली. १७ जुलैला त्यांतल्या २० जागांवर पोटनिवडणूक झाली. फुटलेल्यांतल्या बऱ्याच जणांना नव्या पक्षाने तिकीट दिलं होतं. स्वतःची मतं बाळगून असलेली, कुठल्याही पक्षातून निवडून येतील अशी समजली जाणारी ही माणसं. मतदारांनी २०पैकी १५ जागा इम्रान यांच्या पक्षाला दिल्या आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्री बदलला. सगळं वरूनच ठरत असतं तर तो निकाल तसा लागला असता का? लष्कराचा हात आहेच. त्या हाताखाली बिरादरी, जमीन, ठाणं-कचेरीतली कामं आणि मतदाराचा राग यांचं गणित जुळवत माणसं वीस-वीस वर्षं टिकतात. तुमच्या मुलीला हेच शोधायचंय, आणि प्रश्न चांगला आहे.

हिना रब्बानी खार आठवतात? २०११मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून दिल्लीला आल्या तेव्हा आपल्या वाहिन्यांनी त्यांच्या पर्सची चर्चा केली. त्या सभागृहात कशा आल्या, हे फारसं कुणी सांगितलं नाही. मुशर्रफ यांनी २००२च्या निवडणुकीला पदवीची अट घातली. वडिलांकडे पदवी नव्हती, म्हणून मुलगी उभी राहिली. २००८मध्ये ती अट न्यायालयात रद्द झाली. एका नियमाने कुणाची कारकीर्द बंद होते, कुणाची सुरू होते. या विषयात करण्यासारखं भरपूर आहे.

आता मुलीसाठी. पत्र तूही वाचत असशील.

विषय फार पसरट आहे. सिंध असेंब्लीत १६८ जागा, राष्ट्रीय असेंब्लीत ३३६. सगळ्यांना कवेत घेऊ नकोस. थरपारकर हा एकच जिल्हा धर. महेश कुमार मलानी तिथून २०१३मध्ये सर्वसाधारण जागेवर सिंध असेंब्लीत आले आणि २०१८मध्ये सर्वसाधारण जागेवरच राष्ट्रीय असेंब्लीत. अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा असताना एका हिंदू उमेदवाराने खुल्या मतदानात दोनदा जिंकणं, एवढ्यावर प्रबंध उभा राहतो. आणि प्रांतातून केंद्रात जाणं म्हणजे बढतीच, हे आधीच गृहीत धरू नकोस. २०१०च्या अठराव्या घटनादुरुस्तीनंतर आरोग्य, शिक्षण, शेती प्रांतांकडे गेली. दोन्ही सभागृहांत एकदम बसता येत नाही, त्यामुळे दोन्हीकडे जिंकणारा कोणती जागा सोडतो, ते बघ.

व्हिसावाचून काम अडत नाही. राष्ट्रीय असेंब्लीच्या चर्चा इंटरनेटवर मिळतात. शिवाय सिंध १९३६पर्यंत मुंबई प्रांतात होता. पुढे सिंधचे पहिले मुख्यमंत्री झालेले गुलाम हुसेन हिदायतुल्ला आधी मुंबई सरकारात मंत्री होते. झुल्फिकार अली भुट्टोंचे वडील शाहनवाज यांनीही मुंबई सरकारात मंत्रिपद सांभाळलं, आणि १९३७ला खुद्द आपल्या लारकान्यातच हे मोठे जमीनदार हरले. जमीनदार हरतच नाही, असं म्हणणाऱ्याला हा निकाल दाखव. मुंबई कायदेमंडळाच्या छापील चर्चा शोधायला मुंबई गाठ. राज्य पुराभिलेखागारापासून सुरुवात कर.

परीक्षांचं थोडक्यात : नेट-जेआरएफ दे. शिष्यवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे, म्हणजे वडिलांकडे फी मागावी लागणार नाही. पुढे अध्यापन, संशोधन संस्था, वृत्तपत्रांचं परराष्ट्र पान हे रस्ते आहेत. यूपीएससी कधीतरी स्वतःला वाटली तर दे, वय हातात आहे.

उर्दू सोडू नकोस. सिंधीही लागेल, कारण थरपारकरमधला प्रचार इंग्रजीत होत नाही. उल्हासनगरमध्ये अरबी लिपीतली सिंधी वाचणारी वडीलधारी मंडळी अजून आहेत. त्यांच्याकडे जाऊन बस, आणि लवकर जा.